बारा खाटांचा दवाखाना आणि तपासणी: अकरा आठवड्यांच्या कामाच्या नोंदी

तालुक्याच्या गावातला बारा खाटांचा दवाखाना. चार डॉक्टर, सहा सिस्टर, तीन मावशी, दोन मामा. एक ओटी (शस्त्रक्रियागृह), एक लेबर रूम, सोनोग्राफीचं एक मशीन, एक्स-रे नाही. ओपीडी रोज ऐंशी-नव्वद. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आणि २०२१ मध्ये सुधारलेले त्याचे नियम यांखाली स्थानिक प्राधिकरणाची तपासणी ऑगस्टमध्ये होणार, असं पत्र आलं होतं. काय काय पाहायचं याची यादी म्हणून एनएबीएचच्या (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) लहान रुग्णालयांसाठी असलेल्या प्राथमिक स्तराचे निकष धरले, कारण सरकारी तपासणीत विचारलं जाणारं बरंचसं त्यात येऊन जातं. ज्यांना हेच काम करायचं आहे त्यांनी आमच्या चुका पुन्हा करू नयेत, म्हणून या नोंदी.

३ जून

पहिली फेरी. हातात फक्त वही आणि पेन. गेटपासून सुरुवात करून पेशंट जसा आत येतो त्याच वाटेने शेवटच्या खाटेपर्यंत, मग ओटी, मग मागचं आवार. फाइल एकही उघडली नाही. खटकलेल्या गोष्टी भरल्या ६१. त्यातल्या साधारण निम्म्या तासाभरात सुटणाऱ्या होत्या: नळाला साबण नाही, कचऱ्याच्या डब्याचं पेडल तुटलेलं, बाथरूमला आतून कडी आहे पण बाहेरून उघडायची सोय नाही. या लगेच मामांकडे दिल्या.

५ ते १३ जून (वाया गेलेले नऊ दिवस)

तयार एसओपींचा (लेखी कार्यपद्धतींचा) संच ६,५०० रुपयांना घेतला. तीनशे पानं. नावं बदलून छापायचा विचार होता. वाचायला घेतल्यावर कळलं की तो दोनशे खाटांच्या रुग्णालयासाठी लिहिलेला आहे. त्यात निर्जंतुकीकरणाचा स्वतंत्र विभाग आहे, रात्रपाळीचा सुपरवायझर आहे, लिफ्टमधून पेशंट हलवण्याची पद्धत आहे. आमच्याकडे लिफ्टच नाही. चार ठिकाणी मूळ रुग्णालयाचं नावही तसंच राहिलेलं. असं कागदावर असणं हे काहीच नसण्यापेक्षा वाईट, कारण तपासनीस त्यातलंच एक वाक्य वाचतो आणि म्हणतो, "हे दाखवा."

संच कपाटात टाकला. त्याऐवजी १४ कामांची प्रत्येकी एक पान कार्यपद्धती मराठीत लिहिली. पद्धत अशी ठेवली: जो ते काम करतो त्याने करून दाखवायचं, दुसऱ्याने बघत लिहायचं, चूक दिसली तर आधी काम सुधारायचं आणि मग पान. एका पानाला साधारण पाऊण तास लागला. ते पान त्या कामाच्या जागीच लॅमिनेट करून लावलं. फाइलमध्ये फक्त प्रत.

१४ जून: जैववैद्यकीय कचरा

२०१६ च्या नियमांतले चार रंग सगळ्यांना पाठ असतात. डब्यात डोकावलं की वेगळंच दिसतं. सलग तीन दिवस सकाळी गाडी येण्याआधी पिशव्या बाहेरून पाहिल्या. हात घालायचा नाही, चिमटा आणि जाड हातमोजे वापरायचे.

लाल पिशवीत (सलाइनचे सेट, कॅथेटर, युरिन बॅग, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे) सुईसकट सिरिंज निघाल्या. कारण आळस नव्हे. हब कटर (सिरिंजची सुई कापायचं यंत्र) ड्रेसिंग रूममध्ये होता आणि इंजेक्शनं वॉर्डात दिली जात होती. पंधरा पावलांचं अंतर. आणखी दोन हब कटर घेऊन इंजेक्शनच्या ट्रॉलीलाच बसवले, प्रश्न मिटला. सुयांचा पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, ही खूण डब्यावर मार्करने रेघ मारून केली.

पिवळ्यात (रक्ताने माखलेला कापूस, ड्रेसिंग, बाळंतपणातली वार, मुदत संपलेली औषधं) चहाचे कप आणि इंजेक्शनची वेष्टणं. याचंही कारण जागेचंच: साध्या कचऱ्याचा डबा वॉर्डात नव्हताच. ठेवला.

निळ्यात औषधांच्या काचेच्या व्हायल (बाटल्या) आणि अँप्यूल (कुप्या). पुठ्ठ्याचा खोका वापरत होतो. पहिल्याच पावसात मागच्या खोलीत ओल आली, तळ सुटला, काचा जमिनीवर. न फाटणारा प्लॅस्टिकचा डबा घेतला.

पिशव्यांत फसगत झाली. स्वस्त मिळाल्या म्हणून दोन महिन्यांचा साठा घेतला होता. त्यावर जैवधोक्याचं चिन्ह होतं, पण प्लॅस्टिक क्लोरीनविरहित असल्याचा उल्लेख नव्हता आणि जाडी इतकी कमी की सलाइनच्या चार बाटल्यांनी फाटायची. दुकानदाराने परत घेतल्या नाहीत. कचरा उचलणाऱ्या एजन्सीच्या यादीतल्या पिशव्या घेतल्या, बारकोड त्यांच्याकडूनच मिळाले. डबे, पिशव्या, वजनकाटा, हब कटर मिळून १४,२०० रुपये.

१६ जून: वजनाचं रजिस्टर

रजिस्टरमध्ये गेले सहा महिने रोज पिवळा २ किलो, लाल १.५ किलो. रविवारी ओपीडी बंद असते तेव्हाही तेवढंच. वजनकाटा बिघडलेला होता आणि तो बिघडल्याचं कुणी सांगितलं नव्हतं, आकडा मात्र रोज पडत होता. गाडीवाल्याच्या पावत्यांवर वेगळे आकडे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की कुणालाही दिसेल.

जुनी पानं पुन्हा लिहिण्याचा मोह होतो. लिहायची नाहीत. त्याच पानाखाली तारीख टाकून "काटा नादुरुस्त होता, या काळातली वजनं पावतीप्रमाणे धरावीत" अशी टीप, त्याखाली सही. नवीन काटा ३० किलोचा, टांगता. पिशवी बांधल्यावर वजन, मग बारकोड, मग नोंद. हा क्रम मोडला की आकडे अंदाजाने पडू लागतात.

१८ जून: हायपो

जंतुनाशक हायपोच्या बादलीवर लिहिलेलं प्रमाण: "दोन टोपणं." कुठल्या बाटलीची टोपणं, किती पाण्यात, ते कुठेच नाही. बाजारात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट मिळतं, १० टक्क्यांचंही मिळतं, आणि दोन्ही कॅन सारखेच दिसतात. आमच्याकडे दोन्ही होते.

१ टक्का द्रावणासाठी: ५ टक्क्यांचं असेल तर १ भाग औषध, ४ भाग पाणी. १० टक्क्यांचं असेल तर १ भाग औषध, ९ भाग पाणी. गोंधळ नको म्हणून आता फक्त ५ टक्क्यांचंच आणायचं ठरवलं. एक लिटरचं मोजपात्र, पाच लिटरची खूण केलेली झाकणाची बादली. रोज सकाळी नवीन द्रावण, उरलेलं टाकून द्यायचं. कॅन खिडकीत उन्हात होता. हायपो उजेड आणि उष्णतेने मरतं, म्हणून तो जिन्याखालच्या कपाटात गेला. कॅन उघडल्याची तारीख त्यावरच.

मावशींना तीन गोष्टी स्वतंत्रपणे सांगाव्या लागल्या. स्टीलची हत्यारं हायपोत बुडवून ठेवायची नाहीत, गंजतात. पिवळ्या पिशवीतल्या कापसावर हायपो ओतायचं नाही, कारण ती पिशवी भट्टीत जळते आणि क्लोरीनमुळे विषारी धूर होतो. आणि संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर हायपो कधीही नाही. खोलीत क्लोरीन वायू होतो. तिसरी गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. दोन्ही बाटल्या एकाच बादलीत ठेवलेल्या होत्या.

रक्त सांडलं तर लागणारं साहित्य एका डब्यात: हातमोजे, मास्क, एप्रन, जुने कागद, चिमटा, पिवळी पिशवी, ताज्या हायपोसाठी मोजपात्र. आधी कागदाने झाकायचं, वरून १ टक्का हायपो, किमान १० मिनिटं थांबायचं, मग उचलायचं. लाल पाणी सांडून सराव घेतला तर पहिल्यांदा सरळ पोछा फिरवला गेला. दुसऱ्यांदा जमलं.

२१ जून: फ्रिज

या एका फ्रिजने सगळ्यात जास्त शिकवलं.

लसी, इन्सुलिन, ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहिले पाहिजेत. दारावर तापमानाचा तक्ता होता. सकाळ ४, संध्याकाळ ४, चार महिने, एकाच निळ्या पेनने. जून महिन्यात तालुक्याच्या गावात रोज ४ अंश ही अशक्य गोष्ट आहे. तापमान सतत नोंदवणारा डिजिटल लॉगर (३,४०० रुपये) आत ठेवला आणि तीन दिवस काहीही न बदलता चालू दिला.

निघालं ते असं. मधल्या कप्प्यात रात्री साडेतीन तास वीज गेली तेव्हा ११.५ अंश. मागच्या थंड पट्टीला चिकटलेल्या ट्रेमध्ये उणे १.२. म्हणजे एकाच फ्रिजमध्ये एका बाजूला औषध तापत होतं आणि दुसऱ्या बाजूला गोठत होतं. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस गोठली की निकामी होते. ती वितळल्यावर पुन्हा द्रवच दिसते, त्यामुळे नुसत्या नजरेला कळत नाही. गोठल्याची शंका असेल तर त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम गोठवून वितळवायची आणि दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या, गाळ किती वेगाने बसतो ते बघायचं. आमच्याकडे शंकेला जागाच नव्हती, लॉगरवर उणे आकडा होता. त्या ट्रेमधला सगळा साठा बाद केला. ९,१०० रुपये.

केलेले बदल: लॉगर मधल्या कप्प्यात कायमचा. औषधांचे ट्रे मागच्या पट्टीपासून चार बोटं पुढे. दारात आणि भाजीच्या खणात पाण्याने भरलेल्या बाटल्या, वीज गेल्यावर थंडावा धरायला. त्यावर "पिऊ नये". जेवणाचे डबे आणि दूध बाहेर, त्यासाठी स्टाफ रूममध्ये जुना फ्रिज. स्टॅबिलायझर २,६०० रुपये, आणि फ्रिजची लाइन जनरेटरवर. आधी जनरेटरवर एसी होता आणि फ्रिज नव्हता.

तक्त्यात आता किमान, कमाल आणि आत्ताचं असे तीन आकडे, दिवसातून दोनदा. आकडा ८ च्या वर किंवा २ च्या खाली गेला तर शेजारच्या रकान्यात काय केलं ते लिहायचं. आकडा चुकला तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही. व्हाइटनर दवाखान्यातूनच हद्दपार.

२७ जून

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वार्षिक अहवाल, फॉर्म ४, शेवटची तारीख ३० जून. मागच्या जानेवारी ते डिसेंबरचे आकडे लागतात. रजिस्टर आणि पावत्या जुळवायला दोन दिवस गेले. पावत्यांचे आकडे धरले. तीन पावत्या हरवलेल्या होत्या, एजन्सीकडून प्रती मागवल्या. मार्चमध्येच हे काम उरकलं असतं तर निवांत झालं असतं.

२ जुलै: ऑटोक्लेव्ह

उभा, साधा, ड्रमवाला ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र. ड्रम म्हणजे त्यात सामान भरून ठेवायचा डबा. ड्रमवरची निर्देशक पट्टी काळी होत होती म्हणून सगळे निश्चिंत. पट्टी फक्त एवढंच सांगते की ड्रमला बाहेरून उष्णता लागली. आत मध्यभागी वाफ पोचली का, ते ती सांगत नाही.

जैविक निर्देशकाच्या व्हायल (जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे बीजाणू) आणि छोटा इनक्युबेटर ८,५०० रुपयांना घेतला. एक व्हायल ड्रमच्या मध्यात, हिरव्या कापडाच्या गठ्ठ्याच्या आत. दुसरी न टाकता, तुलनेसाठी. दोन्ही ५६ अंशांवर. चोवीस तासांनी दोन्ही जांभळ्याच्या पिवळ्या. तुलनेची पिवळी व्हायलाच हवी. आतली पिवळी झाली म्हणजे बीजाणू जिवंत राहिले.

त्याच संध्याकाळी त्या चक्रातले आणि आधीचे शिल्लक सगळे ड्रम बाजूला काढले, ओटी दोन दिवस बंद, ठरलेल्या दोन शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. तातडीची केस आली असती तर जिल्ह्याच्या गावी पाठवायची, असं ठरवून ठेवलं.

४ जुलै

तीन कारणं सापडली, तिन्ही एकत्र होती.

एक, ड्रम इतका ठासून भरलेला की झाकण बसायला हाताने दाबावं लागे. दोन, ड्रमच्या कडेच्या खिडक्या आत टाकताना बंदच. उघड्या ठेवायच्या असतात आणि बाहेर काढल्या क्षणी बंद करायच्या. इथे उलटं चाललं होतं. तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, हवा काढली जात नव्हती. वाफ सुटायच्या आधीच व्हॉल्व्ह बंद करायची सवय. आत हवा अडकली की दाबाचा काटा १५ पौंडांवर जातो, पण आतलं तापमान १२१ ला पोचत नाही. काटा दिसतो बरोबर आणि काम होतं अर्धवट.

आता व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, सलग जोरात वाफ यायला लागल्यापासून घड्याळ लावून पाच मिनिटं, मग बंद. १२१ अंश, १५ पौंड, ३० मिनिटं; वेळ काटा चढल्यावर मोजायला सुरुवात. ड्रम तीन चतुर्थांश. गॅस्केट चिरला होता, बदलला, १,१५०. व्हॉल्व्ह ९००, मेकॅनिक १,५००.

पुन्हा व्हायल. आतली जांभळी, तुलनेची पिवळी. सलग तीन चक्रं तशीच आल्यावर ओटी उघडली.

८ जुलै

पावसाळ्यात वेगळाच त्रास: ड्रम उघडल्यावर कापड ओलसर. ओल्या कापडातून जंतू आत शिरतात, म्हणून ते निर्जंतुक धरायचं नाही. वाफ सोडल्यावर झाकण बोटभर उघडं ठेवून वीस मिनिटं थांबल्यावर बराच फरक पडला. गरम ड्रम थंड फरशीवर ठेवत होतो, ते बंद करून लाकडी रॅक केला.

रजिस्टर: चक्र क्रमांक, तारीख, सुरुवात, १२१ गाठल्याची वेळ, संपल्याची वेळ, काय भरलं, सही, आणि त्या चक्राची पट्टी तिथेच चिकटवलेली. दर सोमवारी जैविक व्हायल. ड्रमवर चक्र क्रमांक लिहायला लागल्यापासून कुठला ड्रम कोणत्या केसला वापरला हे मागे जाऊन शोधता येतं. २ जुलैला हेच करता आलं नव्हतं, म्हणून सगळेच ड्रम परत काढावे लागले.

११ जुलै: इमर्जन्सी ट्रॉली

यादी तपासली तर औषधं सगळी होती. मग न सांगता सराव घेतला: "ओपीडीत पेशंट कोसळला." ऑक्सिजन सुरू व्हायला ३ मिनिटं ४० सेकंद. सिलिंडर भरलेला, पण त्याची चावी ओटीतल्या सिलिंडरला लावलेली. लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळीत नळी घालताना घसा बघायचं उपकरण) दिवा पेटेना, आत सेल फुटून गंज. लहान मुलांचा मास्क नाहीच.

चावी आता प्रत्येक सिलिंडरला साखळीने बांधलेली. सेल ट्रॉलीत सुटे ठेवायचे आणि दिवा रोज सकाळी पेटवून बघायचा. अ‍ॅड्रेनलिनच्या खणाच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत: "अ‍ॅलर्जीचा झटका, प्रौढ: १:१००० मधलं अर्धा मिली, मांडीच्या स्नायूत." ही ओळ लिहायच्या आधी चौघांना विचारलं होतं, त्यातल्या दोघांनी शिरेतून सांगितलं.

सिलिंडरचं गणित कागदावर लावलं: बी टाइप, भरलेला, १,५०० लिटर. मिनिटाला १० लिटरने १५० मिनिटं. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. जिल्ह्याला रुग्णवाहिका पोचायला पावसात दीड तास लागतो, म्हणजे अर्ध्या सिलिंडरवर पेशंट निघता कामा नये.

पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूल वॉर्डाच्या ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी होत्या. चुकून पाण्याच्या जागी शिरेत गेलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून काढून कुलपात. ट्रॉलीला क्रमांकाचं प्लॅस्टिक सील. तुटलेलं दिसलं की पूर्ण मोजणी, नाही तर महिन्यातून एकदा. सगळं मिळून ७,८००. आठवड्याने परत सराव, ५५ सेकंद.

१६ जुलै: आग

आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, जानेवारीत आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून. जानेवारीच्या प्रमाणपत्रात अग्निशामक सहा. भिंतीवर पाच. सहावा सापडला लिनन कपाटाच्या मागे, काटा लाल पट्ट्यात. प्रमाणपत्र देणाऱ्याने मोजलेच नव्हते आणि आपणही सही करताना मोजले नव्हते.

मागच्या दाराला कुलूप, चावी मेडिकलवाल्याकडे. दारासमोर सलाइनची खोकी. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आग लागून दहा बालकं गेली, त्यानंतर तपासणीत आगीचा भाग कुणी वरवर घेत नाही, घेऊही नये. कुलूप काढून आतून दाबून उघडणारा बार बसवला. खोक्यांसाठी माळ्यावर जागा.

वायरमनने लोड मोजला. पोस्ट-ऑप खोलीत एका एक्स्टेन्शन बोर्डवर मॉनिटर, सक्शन, पंखा आणि मोबाइलचे चार्जर. बोर्डाच्या मागचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं. स्वतंत्र लाइन टाकली, एसीसाठी वेगळा एमसीबी, आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). पॅनेलजवळ पावडरच्या ऐवजी सीओटू. वायरिंग, नवे अग्निशामक, रिफिलिंग, दोन इमर्जन्सी दिवे आणि बार मिळून ३८,०००. सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि यात घासाघीस करू नये.

रात्री दहा वाजता सराव. रात्रपाळीला एक सिस्टर, एक मावशी. स्ट्रेचर एकच. चादरीवर ओढत नेण्याची पद्धत शिकवली. खाटेवर मामा झोपले, दोघींनी ४० सेकंदांत दारापर्यंत नेले. ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कोण बंद करणार, हे तेव्हा ठरलं. तोवर कुणाच्याच नावावर नव्हतं.

२० ते २३ जुलै

पावसाने रस्ता बंद, कचऱ्याची गाडी तीन दिवस नाही. ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. साठवावाच लागला तर कारण देऊन मंडळाला कळवायचं. दुसऱ्या दिवशीच ईमेल केला, एजन्सीला प्रत. पिशव्या दुहेरी, खोलीला कुलूप. खिडकीच्या जाळीतून मांजर आत येत होतं, तिथे बारीक जाळी मारली. ईमेलची छापील प्रत रजिस्टरमध्ये त्याच तारखांच्या पानाला लावली.

२५ जुलै: माणसं

सुई टोचल्याच्या घटनांचं रजिस्टर दोन वर्षं कोरं. बारा खाटांत दोन वर्षांत एकही नाही, हे कुणी मानणार नाही. एकेकट्याला विचारलं, नाव लिहिणार नाही असं सांगून. तीन घटना निघाल्या, त्यातल्या दोन मावशींच्या. ओरडा बसेल म्हणून सांगितलं नव्हतं.

हिपॅटायटिस बीच्या प्रतिपिंडांची तपासणी पंधराही जणांची. नऊ जणांची पातळी १० किंवा त्याहून जास्त. सहा जणांची कमी, त्यातल्या चौघांनी लस कधी घेतलीच नव्हती. ते चौघेही कचरा उचलणारे. सहाही जणांना ०, १, ६ महिने असा डोस सुरू. तपासणी आणि लस १५,०००.

टोचलं तर काय, याचं पान सिंकच्या वर: दाबून रक्त काढायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, लगेच डॉक्टरांना सांगायचं, एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि ७२ तासांच्या आत. रात्री औषध कुठून मिळेल, हे सरकारी रुग्णालयात जाऊन विचारून खात्री केली.

३० जुलै: भिंती

दरपत्रक, रुग्णहक्क सनद, तक्रार कुठे करायची, सगळं मराठीत, प्रवेशापाशी. ५,३५० रुपये. दरपत्रक लावल्यावर मागची वीस बिलं त्याच्याशी ताडली. तीन बिलांत नर्सिंग चार्ज जुन्या दराने. बिलिंगचं सॉफ्टवेअर बदललं, बोर्ड नव्हे.

सोनोग्राफी खोलीत गर्भलिंग सांगत नसल्याचा फलक होता, नोंदणी प्रमाणपत्र मात्र कपाटात. ते दर्शनी लावायचं असतं. गरोदर बायकांच्या सोनोग्राफीचे एफ फॉर्म एकेक पाहिले. मागच्या महिन्यातल्या एकावर पेशंटची सही नाही. यात नंतर भर घालायची नाही. जसा आहे तसा ठेवला. पुढे फॉर्मवरची सही पाहिल्याशिवाय मशीनवर नाव टाकायचं नाही असं ठरवलं.

५ ऑगस्ट: रंगीत तालीम

दुसऱ्या दवाखान्यातल्या सिस्टर इनचार्जना बोलावलं. त्यांनी फाइलला हात लावायच्या आधी मावशींना विचारलं, "हायपो कसं करता, करून दाखवा." प्रमाण अचूक आलं. मग स्टोअरमधून एक सलाइन उचलून मुदत पाहिली. संपायला नऊ दिवस. पुढे दोन वर्षं मुदत असलेला साठा आणि हे मागे. जुनं पुढे, नवं मागे, अशी मांडणी अख्ख्या स्टोअरची बदलायला दीड दिवस गेला.

१३ ऑगस्ट: तपासणी

दोघे आले, साडेतीन तास. क्रम असा: कचऱ्याची खोली, मागचं दार, फ्रिज, ओटी, मग कागद. फ्रिजच्या तक्त्यावर जुलैतल्या एका ९.४ च्या नोंदीवर बोट ठेवलं. शेजारच्या रकान्यात "वीज गेली, जनरेटर २० मिनिटं उशिरा सुरू, बॅटरी बदलली" असं होतं. बॅटरीची पावती मागितली, मिळाली, पुढे गेले. वजनाच्या रजिस्टरमधली जूनची टीप वाचली, काही बोलले नाहीत.

त्रुटी पाच निघाल्या. एका सिस्टरचं नर्सिंग कौन्सिलचं नूतनीकरण संपलेलं. जिन्यातला एक इमर्जन्सी दिवा पेटला नाही, महिन्याभरापूर्वीच बसवलेला. हायपोच्या बादलीवर तारीख आहे, वेळ नाही. लेबर रूममध्ये हात धुण्याच्या नळाला कोपराने चालणारी तोटी नाही. तक्रार नोंदवहीत तक्रारी आहेत, उत्तरं नाहीत. पूर्ततेला तीस दिवस.

२० ऑगस्ट

तोटी बसवली. दिव्याचा चार्जर वॉरंटीत बदलून मिळाला. आता दर महिन्याच्या १ तारखेला मेन स्विच बंद करून सगळे दिवे दहा मिनिटं जाळून बघायचे. बादलीवर वेळ. नूतनीकरणाचा अर्ज भरला, पावती लावली. सगळ्यांच्या नोंदणीच्या मुदती एका तक्त्यात, संपायच्या तीन महिने आधीची तारीख लाल. तक्रार वहीतल्या अकरा नोंदींपैकी सात जणांना फोन झाले, चार नंबर लागत नाहीत.

तपासणीआधीचा एकूण खर्च १,१४,०००, त्यातले ६,५०० त्या तीनशे पानांचे. पानांची मागची बाजू कोरी आहे, ती सध्या ओपीडीत चिठ्ठ्यांना वापरतो.

सहा जणांचा लसीचा दुसरा डोस २५ ऑगस्टला.